विसापूरच्या वाटेवर नकाशा वाचताना

सह्याद्रीत फिरायला नकाशा लागतोच असं नाही. गावात वाट विचारली की कुणीतरी हात करून दाखवतं, गर्दीच्या गडांवर दगडांवर बाण रंगवलेले असतात आणि हल्ली फोनमध्ये आधी कुणीतरी चालून ठेवलेला ट्रॅक असतोच. मीही बरीच वर्षं अशीच फिरले. तरी एक गोष्ट सलत होती. दिवसभर डोंगरात घालवून आल्यावर कुणी विचारलं, की तो ओढा पुढे कुठे मिळतो, किंवा त्या खिंडीतून पलीकडे उतरलं तर कुठलं गाव लागतं, तर मला सांगता यायचं नाही. ज्या डोंगरावर एवढा जीव, त्यातली आपण चाललेली तेवढी एकच रेघ माहीत असणं मला पुरेसं वाटेना. त्यामुळे आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधले काका म्हणाले, "एक रविवार नुसता नकाशा शिकायला काढू या," तेव्हा मी लगेच नाव दिलं.

काकांची सगळी नोकरी रस्त्यांच्या आखणीत गेलेली. त्यांनी वाट निवडली ती मळवली स्टेशन, भाजे, गायमुख खिंड आणि विसापूरचा किल्ला. शेजारचा लोहगड त्यांनी मुद्दाम टाळला, कारण तिथे खालपासून दरवाजापर्यंत बांधीव पायऱ्या आहेत आणि रविवारी माणसांच्या रांगेमागून चालायचं असतं. विसापूर मोठा, पसरट, चारी बाजूंनी कडे असलेला. त्याच्या पोटातल्या रानात ढोरवाटांचं जाळं आहे आणि वर जायच्या घळी, म्हणजे कड्यातल्या अरुंद खाचा, मोजक्याच. शिकायला याहून चांगली जागा पुण्याजवळ मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला दिवसभर पटत गेलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण त्यांच्या घरी जमलो. जमिनीवर टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढ-उतार दाखवणारा सरकारी नकाशा, पसरलेलं होतं. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासून देश मोजतोय, आणि त्याची ही पत्रकं ठरावीक चौकटीत कापलेली असतात. आमचं पत्रक ४७ एफ/६. ४७ हा मोठा चौकोन, अक्षांशाचे चार अंश आणि रेखांशाचे चार. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, त्यातला एफ. त्या एफचे पुन्हा सोळा तुकडे, त्यातला सहावा. असा प्रत्येक तुकडा पंधरा मिनिटांचा, आणि प्रमाण १:५०,०००. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. आमची वाट शोधायला गेलो तर ती पत्रकाच्या अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात, तळहाताखाली झाकली जाईल एवढ्या जागेत होती. मळवली वरच्या कडेला खेटून आणि विसापूर उजव्या कडेला. त्यातून एक मजेची गोष्ट कळली. शाळेपासून आपण कार्ले, भाजे, बेडसे ही नावं एका दमात घेतो. प्रत्यक्षात ही तीन लेणी तीन वेगवेगळ्या पत्रकांवर आहेत. कार्ले ५ वर, भाजे ६ वर आणि बेडसे १० वर. काकांनी दोन पत्रकं कडेला कडा लावून चिकटपट्टीने जोडली. ती का, ते दुसऱ्या दिवशी गडावर कळायचं होतं.

रंगांचा पाढा आमच्यातल्या निवृत्त भूगोलाच्या बाईंनी घेतला. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), निळं पाणी, हिरवं जंगल, पिवळी शेतजमीन, लाल रंगात रस्ते आणि वस्ती. पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे ओढे काळ्या रेघेने दाखवतात, हे माझ्यासाठी नवीन होतं. मी आजवर त्या काळ्या रेघांना पायवाटा समजले असते. दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटर, आणि दर पाचवी रेष ठळक. म्हणजे ठळक ते ठळक १०० मीटर.

इथे काकांनी एक इशारा दिला, तो मी वहीत चौकट करून लिहून ठेवला. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे, त्यामुळे तो पायऱ्यापायऱ्यांनी चढतो: कातळटप्पा, मग झाडीचा पदर, म्हणजे कमी उताराचा पट्टा, पुन्हा कातळटप्पा. एखादा कातळ १५ मीटरचा असेल तर तो दोन रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत पूर्ण मावून जातो. कागदावर तिथे साधा चढ दिसतो. प्रत्यक्षात तिथून वर जाता येत नाही. तेव्हा नकाशात उतार सोपा दिसतोय म्हणून सह्याद्रीत सरळ वर घुसायचं नाही.

त्यांच्याकडे त्याच भागाची एक जुनी प्रतही होती, कडा झिजलेली. तिच्यात एक्स्प्रेसवे नाही, कारण तो २००२ सालचा. त्या दोन प्रती शेजारी ठेवून बघताना समासातलं सर्वेक्षणाचं साल आधी का वाचायचं, ते आपोआप समजलं. डोंगर, ओढे, खिंडी तशाच राहतात. रस्ते, वस्ती आणि रानातल्या वाटा बदलतात. नकाशातली तुटक पायवाट आज मोडलेली असू शकते आणि आजची मळलेली वाट नकाशात नसू शकते. म्हणून भरवसा ठेवायचा तो जमिनीच्या आकारावर.

मग वेळेचा हिशोब. स्कॉटलंडच्या नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम अजून चालतो: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. नकाशावर दोरा ठेवून वळणांसकट माप घेतलं, अंतर साधारण सात किलोमीटर धरलं. मळवली ६०० मीटरच्या थोडी वर आणि विसापूरचा माथा १,०८४, म्हणजे चढ पावणेपाचशेच्या घरात. हिशोब सव्वादोन तासांच्या आसपास आला. "आपल्या उन्हाला आणि आपल्या गप्पांना धरून याची दीडपट करा," काका म्हणाले, आणि मी साडेतीन तास लिहिले.

रविवारी सकाळच्या लोकलने मळवलीला उतरलो. डिसेंबर होता, इंद्रायणीच्या खोऱ्यात धुकं रेंगाळलेलं, पण दक्षिणेला विसापूरचा सपाट माथा स्वच्छ दिसत होता. कंपास पिशवीतच ठेवायला सांगितले होते. पहिलं काम नकाशा लावून घेण्याचं. कागदावरची रेल्वेची रेघ समोरच्या रुळांना समांतर येईपर्यंत नकाशा फिरवायचा. इथे रूळ साधारण पूर्व-पश्चिम जातात, त्यामुळे हे सोपं गेलं. मग विसापूर नकाशात ज्या बाजूला आहे त्याच बाजूला समोर दिसायला लागला. अक्षरं उलटी-तिरकी झाली तरी चालतील, नकाशा जमिनीशी जुळला पाहिजे. दिवसभर प्रत्येक वळणावर हे करायचं, आणि अंगठा आपण उभे आहोत त्या जागेवर ठेवून चालायचं.

यानंतर आला तो दिवसाचा खरा नियम. वाटेचे टप्पे पाडलेले होते आणि प्रत्येक टप्पा एकेकाने न्यायचा होता. निघण्याआधी त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं: कुठल्या दिशेने जायचं, किती वेळ, चढ की उतार, डाव्या हाताला काय लागेल, उजव्या हाताला काय, पोहोचलो हे कशावरून कळेल, आणि पुढे निघून गेलो तर कशावरून कळेल. हे सगळं नुसत्या नकाशावरून. मग चालायचं आणि सांगितलेलं दिसतंय का ते तपासत जायचं. मला वाटतं, मी त्या दिवशी जे काही शिकले त्याचं मूळ या सवयीत आहे. आधी चालून मग नकाशात जागा शोधायला बसलं की डोळे फसवतात, समोर जे दिसेल ते कुठल्या ना कुठल्या रेषेत बसवता येतं. आधी बोलून ठेवलेलं असलं की जमीन हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर देते.

भाजेपर्यंतचा टप्पा सोपा होता. बाईंनी सांगितलं, "दक्षिणेकडे जायचं, एक्स्प्रेसवे ओलांडायचा, गाव लागेपर्यंत चढ जवळजवळ नाही." इथे काकांनी सपाट रस्त्यावर १०० मीटर मोजून दिले आणि प्रत्येकाला आपली पावलं मोजायला लावली. डावा पाय जेव्हा जेव्हा टेकेल तेवढेच मोजायचे. माझा आकडा साठच्या थोडा पुढे. चढावर तो वाढतो, झाडीत आणखी वाढतो, म्हणून पावलांचं माप लहान अंतरालाच लावायचं, दोन-तीनशे मीटरवरची एखादी घळ चुकू नये एवढ्यापुरतं.

भाज्याच्या लेण्यांकडे त्या दिवशी वळलो नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं ते चैत्यगृह, त्याला वेगळा दिवस द्यायचा हे आधीच ठरलं होतं. गावामागे चढ सुरू झाल्यावर एका मोकळ्या टेपाडावर बसलो आणि समोरचा डोंगर कागदावर काढला. आधी काढायचं, मग नकाशा उघडायचा. हा तासभर मला सगळ्यात आवडला. शाळेत समोच्च रेषा म्हणजे परीक्षेतला एक प्रश्न होता. इथे समोर सोंड, म्हणजे डोंगरातून खाली उतरत आलेली धार, दिसत होती, आणि कागदावर त्याच जागी रेषांची टोकं उताराकडे सरकलेली. शेजारी घळ, तिथे टोकं उंचीकडे शिरलेली. माथ्याभोवती रेषा एकमेकींना चिकटून गेलेल्या, तो कडा. आणि आत एकदम मोकळी जागा, तो पठारी माथा. कड्याखाली रेषा थोड्या सैल होतात, तो पदर, जिथून आम्हाला आडवं जायचं होतं. मावळात फिरताना हे सगळे शब्द मी रोज वापरायचे. ते कागदावर असे दिसतात हे एकदा डोळ्यांना कळल्यावर नकाशातले दुसरे डोंगरही उठून दिसायला लागले.

गायमुख खिंडीपर्यंतचा टप्पा कॉलेजच्या एका मुलाने नेला आणि चोख नेला. "दोन्ही बाजूंना चढ आणि पुढे-मागे उतार दिसला की आपण खिंडीत," हे त्याने आधीच सांगितलं होतं, आणि नेमक्या तशाच जागी येऊन तो थांबला. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. तिथे नकाशावर दोन्ही माथ्यांचे आकडे बघितले: लोहगड १,०३३ मीटर, विसापूर त्याहून पन्नासेक मीटर उंच, आणि मधलं हवाई अंतर अगदी थोडं. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि लगोलग लोहगडही त्यांच्या हाती आला. हा इतिहास मला पाठ होता. पण उंच डोंगरावरच्या तोफांखाली शेजारचा गड किती उघडा पडतो, ते त्या दोन आकड्यांनी आणि मधल्या अंतराने मला पहिल्यांदा समजावलं. आपल्या गडांचा इतिहास शिकवणाऱ्यांनी टोपोशीट जवळ ठेवावं असं मला फार वाटतं.

खिंडीनंतरचं रान हा अवघड भाग. कड्याखालच्या पदरातून आडवं जात वर चढणारी नेमकी घळ पकडायची होती, आणि झाडीमुळे कडा मधूनमधूनच दिसत होता. हा टप्पा माझा. मी सांगितलं: उंची जवळपास राखत जायचं, आधी लागणाऱ्या सोंडा मोजायच्या, प्रत्येक सोंडेवर वाट बाहेर वळेल आणि घळीत आत वळेल, आणि जमीन खाली उतरायला लागली तर थांबायचं. थोड्या वेळाने वाट फुटली. मळलेली, रुंद वाट हलकेच खाली जात होती आणि एक पुसट वाट पातळी धरून पुढे. ग्रुपमध्ये दोन मतं पडली. रुंद वाटेने जावं असं बऱ्याच जणांना वाटत होतं, आणि ते साहजिकही आहे.

काकांनी निकाल दिला नाही. त्यांनी विचारलं, "तू म्हणतेस त्या जागी आपण असू, तर उतार कुठल्या दिशेला पडायला हवा?" नकाशात त्या जागी समोच्च रेषांना काटकोनात छेदणारी रेघ मनातल्या मनात ओढली, ती पश्चिमेकडे जात होती. मग सरळ उताराकडे तोंड करून कंपास धरला. पश्चिमच. म्हणजे आम्ही विसापूरच्या पश्चिम अंगावरच होतो, वळसा पडून दुसऱ्या अंगाला गेलो नव्हतो, आणि पातळी सोडायचं काही कारण नव्हतं. झाडीत, जिथे लांबचं काहीच दिसत नाही, तिथे पायाखालचा उतार एवढी खात्रीची माहिती देतो, हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात खालून गुरं घेऊन एक मामा आले. काकांनी त्यांना विचारलं, "मामा, ही खालची वाट कुठं जाते?"

"पाण्यावर. गुरं जात्यात तिकडनं."

पुढे गेल्यावर काका आम्हाला म्हणाले, की 'ही वाट विसापूरला जाते ना?' असं कधी विचारू नये. पाहुण्याला नाही म्हणणं माणसांच्या जिवावर येतं, आणि आपल्याला हवं तेच उत्तर मिळतं. 'कुठे जाते?' असं विचारलं की ज्याला माहीत आहे तो नीट सांगतो. मामांचं पाणी नकाशात नव्हतं. मी पेन्सिलीने तिथे खूण केली.

सोंडा मोजत घळीपाशी आलो, दगडांवरून चढत तटबंदीच्या आत शिरलो. माझ्या साडेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागला होता, पण त्यात चित्रं काढायचा तास होता.

विसापूरचा माथा एवढा पसरलेला आहे की 'आपण गडावर आहोत' या उत्तराचा उपयोग नाही. कुठल्या बाजूला, हे सांगता आलं पाहिजे. इथे कंपास बाहेर निघाले. आधी सूचना: लोखंड, चुंबकाचं बटण असलेली फोनची कव्हरं, गाड्यांच्या किल्ल्या दूर ठेवा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एक अंशाहूनही कमी, त्यामुळे पायी चालणाऱ्याने तो सोडून दिला तरी चालतो. मग लोहगडाच्या माथ्याचा कोन घेतला, म्हणजे तो उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते कंपासवर वाचलं; तो नैऋत्येच्या बाजूला. दुसरा कोन तिकोना किल्ल्याचा, दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे झुकलेला. तुंग किल्लाही दिसत होता, पण तुंग आणि तिकोना या दिशा एकमेकींच्या जवळ पडतात, रेघा तिरक्या छेदतात आणि जागा नेमकी मिळत नाही. दोन रेघा काटकोनाच्या जितक्या जवळ जातील तितकं चांगलं. आता जोडलेल्या पत्रकांचं कारण कळलं: लोहगड आणि आम्ही ६ वर, आणि तिकोना कडेच्या थोडा पलीकडे, १० वर. दोन्ही कोनांच्या उलट्या दिशेने माथ्यांपासून आमच्याकडे रेघा ओढल्या आणि त्या पठाराच्या एका अंगाला येऊन छेदल्या.

मग फोन उघडून पडताळलं. ज्यांची पेन्सिल बारीक होती ते जवळ आले होते. ३ मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर १५० मीटर, आणि विसापूरवर १५० मीटरने काय होतं ते कड्यावर उभं राहून बघितलं. फोनला काकांचा विरोध अजिबात नाही. तपासायला तो उत्तम आहे, पण उत्तर आधी आपलं तयार असावं, एवढाच त्यांचा आग्रह.

शेवटचा धडा धुक्यासाठीचा होता. ऊन लख्ख होतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये या पठारावर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही असे दिवस असतात, आणि घळ सोडली तर सगळीकडे कडा. कंपासवर कोन लावून पिवळ्या गवतातून चालायचं होतं. सुईकडे बघत चालू नये. त्या रेषेत एखादा दगड किंवा झुडूप हेरायचं, तिथे जायचं, पुन्हा कोन लावायचा. आणि परतताना घळीच्या तोंडाचा नेमका कोन धरायचा नाही. नेमका धरला आणि थोडं चुकलं, तर घळ डावीकडे राहिली की उजवीकडे, ते कळायला मार्ग नसतो. म्हणून मुद्दाम थोडं डावीकडचा कोन धरायचा. तटबंदी लागली की घळ उजव्या हातालाच असणार, मग तट धरून उजवीकडे जायचं. मी ओढणीने कपाळावर पडदा करून, फक्त पायापुढचं दिसेल असं चालून पाहिलं, बाई माझ्या शेजारून चालत होत्या. तट लागला, उजवीकडे वळले, घळीचं तोंड आलं. तो आनंद मला सांगता येणार नाही.

परतीला प्रत्येक जण आपल्या टप्प्याचं उलटं वर्णन करत उतरला, संध्याकाळी मळवलीला लोकल मिळाली.

आता पुढची फेरी बेडशाची ठरली आहे, विसापूरकडून पूर्वेला जाणारी डोंगरधार धरून. ही वाट पत्रक ६ वरून १० वर जाणारी, आणि दोन पत्रकांच्या जोडावरचा टप्पा काकांनी मला दिला आहे. सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून १० नंबरचं पत्रक उतरवून घेतलं, छापलं, समासातलं साल आधी वाचलं. धारेवर किती खिंडी लागतात, कुठल्या सोंडेवरून उतरलं तर पवनेच्या बाजूला जाऊ आणि कुठल्या सोंडेवरून बेडशाच्या, ते वहीत लिहून झालं आहे. एका जागी दोन ठळक रेषांमध्ये उतार सोपा दिसतोय, आणि तिथे कातळ असेल असा मला संशय आहे; त्या जागी प्रश्नचिन्ह टाकून शेजारी लांबचा, पण धार न सोडणारा दुसरा मार्ग आखून ठेवला आहे.